चार बायका, चार सॅक आणि मेळघाट



बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. मार्गशीर्षात आम्ही चौघीजणी पाच दिवस फिरून आलो. मुक्तागिरी, चिखलदरा, कारंजा. फोटो ग्रुपवर टाकले तेव्हा तुम्ही सगळ्यांनी "मजा आहे बाई तुमची" म्हणून लिहिलंत. मजा होतीच. पण फोटोत न आलेली एक गोष्ट आहे आणि ती लिहू की नको यातच तीन आठवडे गेले.

आधी चौघी कोण ते सांगते. मी, माझ्या थोरल्या जाऊबाई (वय ७१, गुडघे त्याहून मोठे), माझी धाकटी नणंद, आणि आमच्या धरमपेठेतल्याच गल्लीत राहणारी माझी मैत्रीण. ती आपल्यातली नाही, देशस्थांची आहे. बँकेतून निवृत्त झाली, आणि आमच्यात गाडी चालवता येणारी ती एकटीच. म्हणून तिला आम्ही 'सारथी' म्हणतो. लक्ष्मीभवन चौकातल्या संध्याकाळच्या गर्दीत जी बाई रिव्हर्स घेते, ती कुठेही गाडी नेऊ शकते असा आमचा विश्वास.

कल्पना तिचीच. तिने अट घातली, "गाडी लहान, डिकी त्याहून लहान. सुटकेस एकही चालणार नाही. प्रत्येकीची एक सॅक, आणि जिची तिने उचलायची. माझ्या कमरेवर कोणाचं ओझं नको." मुलाची इंजिनिअरिंगच्या दिवसांतली ट्रेकिंगची सॅक माळ्यावर होती. ती झटकून काढली. हे म्हणाले, "तू? सॅक?" आणि पेपरात तोंड खुपसून हसले.

पहिल्यांदा भरली आणि वजनकाट्यावर ठेवली तर साडेअकरा किलो! काढायला बसले. तिसरी साडी गेली, चौथा टॉवेल गेला, "लागला तर असावा" म्हणून घेतलेला लोकरीचा दुसरा कोट गेला. शेवटी सव्वासहावर आली. पाणी गाळायचा छन्ना, पाणी उकळायची छोटी किटली, दोन ड्रेस, स्वेटर, जपमाळ, रक्तदाबाच्या गोळ्या, दशम्यांचा डबा आणि मुगाचे लाडू. साडीवर सॅकचे पट्टे बसत नाहीत, म्हणून वयाच्या चौसष्टाव्या वर्षी पाच दिवस फक्त पंजाबी ड्रेस घातला. हेही एक सांगण्यासारखंच.

सॅक पाठीवर घेऊन आरशात पाहिलं तेव्हा आपले महाराज आठवले. आचार्य विद्यासागर महाराजांचे रामटेकला चातुर्मास झाले, तेव्हा विहारात आपणही त्यांच्या मागे चार पावलं चाललो आहोत. पिच्छी, कमंडलू आणि शास्त्र. एवढंच सामान, आणि आयुष्यभराचा पायी प्रवास. आणि मी सव्वासहा किलोला त्याग म्हणत होते.

जी. एस. कॉमर्सची बी.कॉम. असल्यामुळे हिशोबाची वही अर्थातच माझ्याकडे. प्रत्येकीचे पाच हजार जमा, खर्च लागेल तसा नावे टाकायचा. ही वही लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

सकाळी निघालो. अमरावती रस्त्याने कोंढाळी, मग कारंजा. नणंद म्हणाली, "आलं पण कारंजा? जाऊबाईंचं माहेर इतकं जवळ?" तिला सांगितलं, हे कारंजा घाडगे, वर्धा जिल्ह्यातलं. आपलं कारंजा लाड तिकडे वाशिम जिल्ह्यात. ती जरा खट्टू झाली. रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग लागले होते. एक डझन घेतली आणि गाडीत तो वास पाच दिवस राहिला.

मुक्तागिरीला तुम्ही बहुतेक जणी गेला असाल. परतवाड्यापासून चौदा-पंधरा किलोमीटर. आहे मध्यप्रदेशच्या बैतूल जिल्ह्यात, पण वाट आपल्याकडूनच. डोंगराच्या कुशीत बावन्न मंदिरं आणि मधून धबधबा. पावसाळ्यात तो गर्जतो, आम्ही गेलो तेव्हा बारीक धार होती. निर्वाणकांडात या मेंढागिरीवरून साडेतीन कोटी मुनी मोक्षाला गेल्याचं सांगितलंय. मुक्कामाला धर्मशाळेत गेलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पायऱ्या चढायला लागलो. जाऊबाईंनी काठी घेतली. दर वीस पायऱ्यांनी थांबायच्या आणि "दृश्य पाहते" म्हणायच्या. आम्हीही दृश्यच पाहायचो.

तिथली मेंढ्याची गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. मुनिराज ध्यानाला बसले होते, वरून एक मेंढा त्यांच्यापुढे कोसळला. मरणाच्या दारातल्या त्या जिवाच्या कानात त्यांनी णमोकार सांगितला. मेंढा देवगतीला गेला, आणि परत येऊन त्याने मोत्यांचा वर्षाव केला. म्हणून मुक्तागिरी. सारथीला ही गोष्ट मीच सांगितली, जरा रंगवूनच सांगितली. ती म्हणाली, "छान आहे गं. मुनी थांबले, हे महत्त्वाचं."

बावन्नही मंदिरांत अर्घ्य वाहिल्याशिवाय नणंद हलेना. खाली उतरून भोजनशाळेत जेवून निघायला साडेतीन झाले. चिखलदऱ्याला पोहोचायला दोन तास तरी हवेत, घाट आहे. आणि मार्गशीर्षातला सूर्य पावणेसहाच्या आत मावळतो.

माझा रात्रीभोजनाचा त्याग बावीस वर्षांचा आहे. त्यात कधी खंड पडला नाही, याचा मला अभिमान आहे, म्हणजे होता. चिखलदऱ्याच्या मुक्कामी मी सकाळीच फोन करून सांगून ठेवलं होतं: कांदा, लसूण, बटाटा काही नको, वरण-भात आणि मेथीची भाजी, सव्वापाचला तयार ठेवा. परतवाड्याच्या बाजारात गाडी अडकली तेव्हा साडेचार वाजून गेले होते. जाऊबाई म्हणाल्या, "डब्यात दशम्या आहेत. कुठेतरी झाडाखाली गाडी लावू, दहा मिनिटांत खाऊन घेऊ." अगदी बरोबर बोलल्या. पण मला गरम वरण-भात हवा होता. मी म्हटलं, "पोहोचतो ना आपण. सारथी आहे की."

आणि मग दर पाच मिनिटांनी घड्याळ. "किती राहिलं गं?" "पाच दहा झाले." "पाच वीस." ती काही बोलत नव्हती, फक्त गाडी वेग घेत होती. घाट सुरू झाला. दोन्हीकडे सागाचं जंगल, पानं वाळून खडखडीत झालेली, उन्हाची तिरपी पट्टी रस्त्यावर. काय सुंदर असेल ते! मी पाहिलंच नाही. मी सूर्य किती खाली गेला तेवढंच पाहत होते.

एका वळणानंतर चार-सहा घरांची वस्ती आली आणि रस्त्यावर शेळ्या. सारथीने ब्रेक मारला. मोठ्या शेळ्या पळाल्या. एक करडू उलट दिशेला फिरलं. आवाज फार मोठा नव्हता. पिशवी पडावी एवढाच.

उतरलो. करडू काळं-पांढरं होतं, महिना-दीड महिन्याचं असेल. मागचा पाय विचित्र वळला होता आणि ते ओरडत होतं. त्याची आई दहा पावलांवर उभी राहून ओरडत होती. घरातून एक कोरकू बाई धावत आली. मला वाटलं आता शिव्या बसणार, गाव जमणार. तिने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खाली बसली, करडू मांडीवर घेतलं, पायावरून बोटं फिरवली आणि कोणाला तरी हाक मारली. एक मुलगा बांबूच्या कामट्या आणि लुगड्याची चिंधी घेऊन आला. दोघांनी मिळून पाय बांधला. सारथीने करडाचं डोकं धरून ठेवलं होतं. तिचे हात थरथरत होते.

जाऊबाई मोठ्याने णमोकार म्हणू लागल्या. माझ्याही ओठांवर आला होता. पण सकाळी ज्या तोंडाने मी मेंढ्याची गोष्ट रंगवून सांगितली होती, त्याच तोंडाने तो म्हणायची मला लाज वाटली. मेंढा डोंगरावरून आपला आपण पडला होता. हे करडू आम्ही पाडलं होतं. आणि तेही कशासाठी? तर सूर्यास्तानंतर दिव्याभोवती येणारे बारीक जीव माझ्या ताटात मरू नयेत म्हणून!

"बच जाएगा," ती बाई म्हणाली. मग आमच्याकडे पाहून म्हणाली, "इतनी जल्दी काहे की थी?"

कोणीच उत्तर दिलं नाही. नणंद काहीतरी सांगायला गेली, "वहिनींचा नियम..." मी तिचा हात दाबला.

मी दोन हजार रुपये पुढे केले. तिने मोजले आणि सरळ म्हणाली, पाय वाकडा राहिला तर बाजारात याला कोण घेणार, अजून पाचशे द्या. नणंदेला ते जास्त वाटले. मला नाही वाटले. व्यवहाराने बोलत होती ती, आणि तिचंच बरोबर होतं. पाचशे दिले. तिच्या मुलाने सारथीच्या फोनमध्ये आपला नंबर घातला. मग तिने चहा विचारला. सूर्य बुडाला होता, मी नको म्हटलं. सारथीने घेतला. तिला गरज होती.

तिथून पुढचा घाट ताशी वीसच्या वेगाने चढलो. नणंद पुढे बसून रस्त्याकडे डोळे लावून होती. एका ठिकाणी दिव्यांच्या उजेडात सांबर उभं होतं. ते जाईपर्यंत सारथीने इंजिन बंद करून ठेवलं. मुक्कामी वरण-भात झाकून ठेवलेला होता, गार. जाऊबाईंना जबरदस्तीने दूध प्यायला लावलं, त्यांना गोळ्या घ्यायच्या असतात. मी जेवले नाही, सारथीही जेवली नाही. माझं न जेवणं नियमाचं होतं. तिचं कशाचं होतं ते मी विचारलं नाही.

रात्री झोप लागेना म्हणून हिशोब करत पडले. ताशी साठचा वेग म्हणजे सेकंदाला साधारण सतरा मीटर. आपल्या मुनींची ईर्यासमिती काय सांगते? चार हात जमीन पाहून पाऊल टाकायचं. चार हात म्हणजे दोन मीटरही नाहीत. आपण डोळा मिटून उघडतो तेवढ्यात गाडी त्याच्या कितीतरी पुढे गेलेली असते. गाडीत बसून ईर्यासमिती पाळता येत नाही हे उघड आहे, आपण श्रावक आहोत, मुनी नाही. पण श्रावकांसाठीही दिग्व्रत आहे, देशव्रत आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात आपण दर पर्युषणात वाचतो. कोणत्या दिशेला कुठवर जायचं याची मर्यादा आयुष्यभरासाठी, आणि त्यातही रोजची आणखी छोटी मर्यादा. माझ्या आजेसासूबाई रोज सकाळी ठरवायच्या, आज गावाच्या वेशीबाहेर जायचं नाही. मला ते लहान जगातल्या बाईचं लहान व्रत वाटायचं. तोंडात काय जातं आणि किती वाजता जातं याचे नियम मी बावीस वर्षं मोजून पाळले. पाय, म्हणजे चाकं, कुठे आणि किती घाईने जातात याचा एकही नियम मी कधी घेतला नव्हता.

सकाळी चिखलदरा धुक्यात होतं. साडेतीन हजार फुटांवरची थंडी, दात वाजत होते. सारथी बाहेर कट्ट्यावर एकटी बसलेली. गाडीची किल्ली माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "मी आता चालवणार नाही. ड्रायव्हर बोलावून घ्या."

मी म्हटलं, "आज माझा उपवास आहे. प्रायश्चित्त म्हणून."

ती काही बोलली नाही. मागून जाऊबाई आल्या, शाल गुंडाळून. त्या म्हणाल्या, "उपवास तुला सोपा जातो गं. पर्युषणात दहा-दहा करतेस. तिची माफी माग, ते तुला जड जाईल."

थोरल्या जावेने सगळ्यांदेखत असं बोलावं, मला राग आला. खरंच आला. आत जाऊन किटली लावली, पाणी उकळेपर्यंत उभी राहिले. मग दोन कप कॉफी केली. चिखलदऱ्याला कॉफीचे मळे आहेत, तिथलीच पूड काल कोणीतरी खोलीत ठेवली होती. बाहेर येऊन एक कप तिला दिला आणि म्हटलं, "घाई माझी होती. चाकावर हात तुझे होते, पण पाय माझा होता. मला माफ कर."

ती म्हणाली, "मीच नाही म्हणायला हवं होतं. तुझं ते पाच वीस, पाच वीस ऐकून डोकं उठलं होतं माझं. पण तुझा धर्म म्हटल्यावर मी काय बोलणार? आम्हा लोकांना भीती वाटते गं तुमच्या नियमांना नावं ठेवायची."

मैत्रिणींनो, तीस वर्षं आम्ही शेजारी राहतो. गोकुळपेठ बाजारात एकत्र भाजी घेतो. माझ्या नियमांची तिला भीती वाटते हे मला त्या कट्ट्यावर कळलं. कॉफी गार होईपर्यंत आम्ही दोघीच बसलो. उपवास मी केला नाही. तिच्यासोबत नाश्ता केला.

मग चौघींनी मिळून ठरवलं की संध्याकाळी चार वाजले की गाडी जिथे असेल तिथे थांबणार. तिथेच जेवायचं, जे डब्यात असेल ते. मुक्काम जवळ असेल तर जेवून सावकाश जायचं. गाडीत कोणीही वेळ विचारायची नाही. मी माझं घड्याळ काढून सॅकच्या तळाशी टाकलं. किल्ली सारथीने परत उचलली.

त्या दिवशी गाविलगड पाहिला. याच किल्ल्यावर डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांनी चढाई केली. आर्थर वेलस्ली होता तो, पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा. सारथीला इतिहासाचं वेड, तिने सगळं सांगितलं. मला मात्र तटावरची शांतता आवडली आणि खाली पसरलेलं जंगल. भीमकुंड पाहिलं. चार वाजता एका गवळ्याच्या घरापाशी होतो. त्यांच्या अंगणात बसून दशम्या सोडल्या, त्यांनी ताजी रबडी दिली. चिखलदऱ्याची रबडी खाल्ली नसेल तर नक्की खा. दशमी आणि रबडी! समोर दरी, डोंगरावर डोंगर, शेवटचे तर निळे धुरकट. सूर्य पूर्ण बुडेपर्यंत आम्ही बसून होतो. कितीतरी वर्षांनी मी सूर्य मावळताना पाहिला. एरवी या वेळी मी ओट्यापाशी शेवटची भांडी उरकत असते.

कारंज्याबद्दल वेगळं लिहीन, ते मोठं प्रकरण आहे. एकाच गावात सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशा तीन भट्टारकांच्या गाद्या. १९१८ साली निघालेलं महावीर ब्रह्मचर्याश्रम गुरुकुल. आणि तिथले हस्तलिखितांचे भांडार, ज्यातल्या अपभ्रंश ग्रंथांवर डॉ. हिरालाल जैनांनी काम केलं. जाऊबाई माहेरच्या गल्लीत शिरल्या आणि त्यांचे गुडघे बरे झाले, एवढंच सध्या सांगते.

परत येताना समृद्धीवरून आलो. मोकळा रस्ता, सगळे सुसाट. सारथी ऐंशीच्या वर गेली नाही, बाकीच्या गाड्या आमच्याकडे पाहत पुढे जायच्या. या महामार्गावर प्राण्यांना ओलांडायला खालून-वरून वाटा केल्या आहेत, जशा आपल्या पेंचकडे सिवनी रस्त्यावर आहेत. नणंद म्हणाली, "शेळ्यांसाठीपण पाहिजे." कोणी हसलं नाही, पण ती विनोदाने म्हणालीही नव्हती.

घरी आल्यावर सारथीने त्या मुलाला फोन लावला. दोनदा लागलाच नाही, मेळघाटात रेंज नसते. आठ दिवसांनी लागला. करडू जिवंत आहे, दूध पितं, चालतं, पण लंगडतं. जत्रेपर्यंत बघू म्हणाला. कसली जत्रा आणि बघू म्हणजे काय, हे आम्ही दोघींनीही विचारलं नाही. पुढच्या महिन्यात तिला परत त्या बाजूला जायचंय, मला विचारलंय. मी हो म्हटलंय.

काल हिशोब मिटवायला चौघी माझ्याकडे जमलो. पेट्रोल, टोल, मुक्काम, धर्मशाळेची पावती, संत्री, रबडी, सगळं जुळलं. राहिले अडीच हजार. नणंद म्हणाली, दानात टाक. सारथी म्हणाली, नुकसानभरपाई, आणि ती माझ्या एकटीच्या नावे टाक. मी म्हटलं, माझ्या नावे. जाऊबाई म्हणाल्या, चौघी गाडीत होतो. बराच वेळ झाला, चहा दोनदा झाला. शेवटी ज्या रकमेचं खातं ठरत नाही तिचं कॉलेजमध्ये शिकवलं होतं तसंच केलं. सस्पेन्स अकाउंट उघडलं आणि अडीच हजार त्यात टाकले. वहीत ते अजून तिथेच आहेत.